हॉलंडची जर्सी

वडवणीच्या बसस्थानकावर एक धनगर सारखा उठत-बसत होता. पोरगी बीडला पोलीस भरतीत धावायला गेली होती आणि तिचा फोन येत नव्हता. अंगात आठवडी बाजारातली नारिंगी जर्सी.

त्याचं मन रमवायला मी म्हणालो, "मामा, ही हॉलंडच्या फुटबॉल संघाची जर्सी. वर्ल्डकपच्या फायनलला तीनदा पोचले, तिन्ही वेळा हरले."

तो थबकला. "मग खेळ सोडला का त्यांनी?"

"नाही, अजून खेळतात."

"कावून? कशापायी?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"रडू नको बाई, तिथंच थांब. फुडच्या भरतीपस्तोर मी बी तुझ्यासंगं पळतो," म्हणत तो सुटलेल्या बीडच्या गाडीमागं धावत सुटला.