मंग सांगतो

समुद्रपूरच्या बाजारओळीत माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाच्या ओट्याची उजवी बाजू गेली अकरा वर्षं रूपरावांकडे आहे. ओटा माझा, पण त्यावरची वांगी, मेथी, पालक आणि सांबार त्यांचा. सांबार म्हणजे कोथिंबीर. कोणी पाहुणा 'कोथिंबीर आहे का?' म्हणाला की रूपराव आधी त्याच्याकडे नीट पाहून घेतात, मग जुडी उचलतात.

रूपरावांचं वय अठ्ठावन्न. गावाबाहेर दोन एकरांची वाडी. पहाटे उठून भाजी तोडायची, मोटारसायकलला दोन्हीकडे पोती बांधून बाजारात आणायची, बायकोला ओट्यावर विकायला बसवायचं आणि पुन्हा वाडीत. दिवसाला चार फेऱ्या होतात. 'थकले का भाऊ?' असं मी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "थकाले टाइम कोणाकडं आहे?" हे म्हणताना ते माझ्या भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसलेले असतात.

पण त्यांचा खरा थकवा पाठीत नाही, अंगठ्यात आहे. ते कसं, ते सांगतो.

मनकर्णावहिनींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, कान सहा वर्षांपूर्वी एका तापात गेले. ताप अकराव्या दिवशी उतरला आणि जाताना ऐकू येणं घेऊन गेला. बोलणं शाबूत राहिलं. उलट आवाज चढला, कारण आपला आवाज किती मोठा हे त्यांना कळायला मार्ग नाही. सुरुवातीला रूपरावांनी पाटी-पेन्सिल आणली. भाजीवर पाणी मारता मारता ती दिवसातून दहादा धुऊन निघायची. मग त्यांची मुलगी मयुरी, जी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होती, दोन साधे अँड्रॉइड फोन घेऊन आली. म्हणाली, "बाबा, आता आईशी यावर बोलाचं." वहिनी सातवी शिकलेल्या, रूपराव दहावी. जमलं.

तेव्हापासून या घराचा संसार मेसेजवर चालतो. नवरा-बायको एका ओट्यावर शेजारी बसलेले असले तरी रूपराव लिहितात, वहिनींच्या कमरेला खोचलेला फोन थरथरतो, त्या काढून वाचतात. आणि वाचतात कशा? मोठ्याने. शाळेत मुलं धडा वाचतात तशा. आपण मोठ्याने वाचतोय हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तेही लिहूनच सांगावं लागलं असतं. त्यामुळे त्यांच्या घरातलं कोणतंही गुपित बाजारात पहिल्यांदा फुटतं. "डाळीत मीठ जास्त होतं," असं वहिनी वाचायच्या आणि पलीकडे टमाटे विकणाऱ्या कमलाबाई तोंडाला पदर लावायच्या.

माणूस बोलून थकत नाही तेवढा लिहून थकतो. रूपरावांचा फोन मात्र हळूहळू त्यांना ओळखायला लागला होता. बैलाला घरचा रस्ता पाठ होतो ना, तसं. 'सा' दाबलं की वरच्या चौकटीत 'सांबार' हजर. 'मे' म्हटलं की 'मेथी'. पुढचा शब्दही तोच सुचवायचा. 'मले', 'तुले', 'येऊन राह्यलो', सगळं आमच्या बोलीतलं. रूपराव न बघता चौकटीवर अंगठा मारत जायचे आणि वाक्य तयार व्हायचं.

गेल्या दिवाळीनंतर त्या फोनच्या काचेवर हिरवी रेघ आली. दुपारीच त्याचा जीव जायचा. मयुरी आता सावंगीला नोकरीला आहे. तिने स्वतःसाठी नवा फोन घेतला आणि आपला वापरलेला आयफोन बापाला द्यायचं ठरवलं. एका रविवारी माझ्याच ओट्यावर बसून तिने जुन्यातलं नव्यात उतरवलं. फोटो आले, नंबर आले, आईशी झालेले सगळे मेसेज आले.

"घ्या बाबा, सगळं आलं," ती म्हणाली आणि दोनच्या एसटीने गेली.

सगळं आलं होतं, फक्त शिकलेले शब्द मागे राहिले होते. त्यात कोणाचा दोष नाही. दोन फोनांच्या रीती वेगळ्या, अक्षरांच्या जागा वेगळ्या. पण रूपरावांचा अंगठा जुन्याच वाटेने चालायचा. चौकटीत जे येईल ते न बघता दाबायचे आणि भलतंच जायचं. मागे जायचं बटणही त्यांना सापडेना. "याच्यात मांगं जाताच येत नाई किशोर," ते मला म्हणाले. मी त्यांना काचेच्या कडेवरून बोट सरकवून दाखवलं. त्यांनी दोनदा करून पाहिलं आणि फोन खिशात टाकला. "राहू दे. आता या वयात कोण शिकते?"

त्या आठवड्यात त्यांचे मेसेज कमी झाले. आधी दिवसाला तीस-चाळीस जायचे, आता पाच-सहा. वहिनी अधूनमधून कमरेचा फोन काढून पाहायच्या आणि पुन्हा खोचायच्या.

मग तो गुरुवार. सकाळचे साडेदहा झाले असतील. खानावळीचा माणूस सांबाराच्या दहा जुड्या मागायला आला. ओट्यावर दोनच होत्या. वहिनींनी वाडीत असलेल्या नवऱ्याला मेसेज केला. थोड्या वेळाने फोन थरथरला. वहिनींनी काढला, आणि भर बाजारात, खणखणीत आवाजात वाचलं:

"संसार संपला."

कमलाबाईंचा तराजू हातात राहिला. खानावळवाला पिशवीची घडी करायला लागला. मला काय झालं ते लगेच कळलं आणि मी पोट धरून हसलो. 'सांबार संपला' लिहायचं होतं बिचाऱ्याला.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा, हळू वाचलं. मग माझ्याकडे फोन धरला. "किशोरभाऊ, असं काऊन लिवलं यायनं?"

मी हसता हसता हात हलवला. काही नाही, नंतर सांगतो, असा. दुकानात गिऱ्हाईक होतं, लिहून सांगायला फुरसत कुठे? हा असा हात आम्ही सगळेच त्यांच्यापुढे हलवतो. मी हलवतो, कमलाबाई हलवतात, पोरगीही हलवते. सहा वर्षांत मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास वहिनींनी काही विकलं नाही. पालकावर पाणी मारत राहिल्या. ओला पालक पुन्हा ओला केला. ज्याच्याशी दिवसभरात चार शब्द बोलले जातात, त्याला आलेला प्रत्येक शब्द खराच धरावा लागतो, हे मला तेव्हा सुचलं आणि माझं हसू गेलं. मी कागद शोधायला उठलो, तेवढ्यात रूपराव आले.

मेथीचं पोतं उतरवून त्यांनी वहिनींनी पुढे धरलेला मेसेज पाहिला आणि कपाळावर हात मारला. खुलासा लिहायला घेतला, तो आणखी बिघडला. शेवटी चिडून त्यांनी पिशवीतून जुना फोन काढला. तो ते टॉर्चसाठी जवळ ठेवायचे. 'सा' दाबला. चौकटीत 'सांबार' आला, त्यापुढे 'संपला'. त्यांनी तो वहिनींच्या डोळ्यांपुढे धरला आणि दोनच जुड्या उरलेल्या टोपलीकडे बोट दाखवलं.

वहिनींचा चेहरा सैल झाला. "हात् मा! सांबार होय?" म्हणाल्या आणि हसल्या. कमलाबाई हसल्या. मीही सुटलो.

ते तिथेच संपलं असतं. पण वहिनींनी तो जुना फोन त्यांच्या हातातून घेतला. नवऱ्याचा फोन त्यांनी आजवर कधी हातात घेतला नव्हता. हे आपोआप शब्द येणं त्यांना गमतीचं वाटलं. पुढच्या चौकटीवर बोट ठेवलं. मग त्याच्या पुढच्या. आणि वाचलं, "सांबार संपला मंग सांगतो."

हसत त्यांनी 'मयुरी' लिहिलं आणि चौकटी दाबत गेल्या. "मयुरी आली मंग सांगतो."

'जेवण' लिहिलं. "जेवण झालं मंग सांगतो."

आता त्या हसत नव्हत्या. एकेक अक्षर शोधून त्यांनी 'डॉक्टर' लिहिलं. वर चौकट आली. बोट जरा थांबलं, मग दाबलं. "डॉक्टर म्हणला मंग सांगतो."

फोन खोटं बोलत नाही. सहा वर्षं अंगठ्याने जे शिकवलं तेच त्याने परत दिलं होतं.

"पाच वर्षं झाले," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मोठा. "नागपूरचा डॉक्टर तुमच्याशी अर्धा घंटा बोलला. मी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणला? तं तुम्ही हेच लिवलं. तो मंग अजून आला नाई का?"

रूपराव मेथीच्या पोत्याची दोरी सोडायला लागले. डॉक्टर काय म्हणाला ते मला ठाऊक होतं. परत आल्या दिवशी रूपरावांनी मलाच सांगितलं होतं, याच ओट्यावर, वहिनी हातभर अंतरावर बसलेल्या असताना. पोरीलाही सांगितलं नव्हतं, ती रडेल म्हणून. मला सांगितलं, आणि मी पाच वर्षं गप्प. वहिनी कानाची मशीन रुमालात गुंडाळून गल्ल्याच्या डब्यात ठेवतात. महिन्या-दोन महिन्यांनी नवा सेल टाकून कानाला लावतात आणि म्हणतात, "आज थोडी खरखर आली भाऊ." आणि मी मान डोलावतो. माझ्यासारखा नालायक शेजारी कोणाला मिळू नये.

"कसं सांगू, किशोर?" रूपराव माझ्याकडे बघून म्हणाले. "दिवसभर लिवून लिवून आंगठा ठणकते. चार शब्द सांगाचे तं दोन लिवतो, दोन सोडतो. अन् जे लिवाले जड जाते ते मांगंच राह्यते. उद्या लिवू, परवा लिवू. मी काई वाईट मनानं नाई केलं बापा. थकलो मी."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

वहिनींना ऐकू आलं नाही, पण हलणारे ओठ दिसले. "त्यायले नका सांगू," त्या म्हणाल्या. "मले सांगा."

जुना फोन त्यांनी मांडीखाली ठेवून दिला.

रूपराव ओट्यावर बसले. खिशातून नवा फोन काढला, गुडघ्यावर ठेवला. अंगठा सवयीने चौकटीकडे गेला. तिथे त्यांच्या कामाचं काहीच नव्हतं. मग त्यांनी चष्मा लावला आणि तर्जनीने एकेक अक्षर शोधायला लागले. "किशोर, याच्यात ड कुठं आहे?" मी दाखवला. "अन् टोपीवाला?" 'डॉ'वरची ती टोपीही दाखवली. गिऱ्हाईक आलं, मी त्याला दुपारी ये म्हटलं. दहा मिनिटं गेली असतील. वहिनी वांग्यांकडे बघत बसल्या होत्या. मग कमरेचा फोन थरथरला.

"डॉक्टर म्हणला कानाची नस गेली," वहिनींनी वाचलं. "आता ऐकू येणार नाई. मशीननं बी नाई."

कमलाबाईंनी टमाटे पुसायला घेतले. वहिनींनी डबा ओढला, रुमाल सोडला, मशीन तळहातावर घेऊन पाहिली. पुन्हा गुंडाळली आणि डब्यात न ठेवता पिशवीच्या तळाशी घातली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग नवऱ्याकडे वळल्या.

"मंग?"

आमच्या बोलीत 'नंतर' म्हणजेही मंग आणि 'पुढे काय' म्हणजेही मंग. रूपरावांनी सहा वर्षं पहिला वापरला. वहिनींनी आता दुसरा विचारला होता. रूपराव पुन्हा वाकले. या वेळी अक्षरं त्यांनी माझ्याशिवाय शोधली.

"म्हणला बाईले एकटी पाडू नका," वहिनींनी वाचलं. "घरात जे बोलाल ते तिले सांगत जा. मी नाई सांगितलं."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भांडतील, आणि भांडल्या असत्या तर बरंच झालं असतं.

"मंग?"

तिसऱ्या मेसेजला सर्वांत जास्त वेळ लागला. रूपराव लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. मेथी उन्हात सुकायला लागली तेव्हा मी ती उचलून सावलीत घेतली. शेवटी फोन थरथरला. वहिनींनी वाचायला तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दावर मिटलं. पुढचं सगळं त्यांनी मनातल्या मनात वाचलं, खालपर्यंत, ओठही न हलवता. सहा वर्षांत त्या घरातली ही पहिली गोष्ट, जी बाजाराला कळली नाही. मीही विचारली नाही.

फोन कमरेला खोचून त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि पाण्याची बाटली नवऱ्यापुढे सरकवली.

"सांबार तं खरंच संपला ना?" त्यांनी विचारलं. "खानावळवाला परत येईन."

रूपरावांची मान हलायला लागली होती. ती मध्येच थांबली. त्यांनी गुडघ्यावरचा फोन उचलला, चष्मा वर सरकवला आणि तर्जनीने 'ह' शोधू लागले.