सात दिवसांचं शुद्ध मराठी

शिबिर सात दिवसांचं होतं, पण त्याचे किस्से पंचवीस वर्षं पुरलेत. आम्ही महाडची जुनी मंडळी कुणाच्या लग्नात, बारशात नाहीतर तेराव्याला भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "ए, ते शिबिराचं सांग ना!" मग मी सांगते. मीच सांगते, कारण मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. दर वेळी एखाद्या किश्श्याला थोडं तिखटमीठ जास्त लागतं. लोक पोट धरून हसतात. पूर्वी मीही हसायचे. हल्ली हसू येत नाही, तरी सांगते. सवय, दुसरं काय!

नव्वदीतली गोष्ट. दहावीची परीक्षा देऊन आम्ही मोकळे झालो होतो, निकालाला वेळ होता. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका गावात एका ट्रस्टची शाळा होती. तिथे दर मे महिन्यात संस्कार शिबिर भरायचं. पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला, श्लोक म्हणा, श्रमदान करा, आपलं ताट आपण घासा. सुट्टीत मोकळी सोडली तर पोरं बिघडतील, याची आमच्या आईबापांना खात्री होती. माझे वडील तर शिक्षक, म्हणजे मला सुटकाच नव्हती. आमच्या गल्लीतला पप्याही होता. त्याच्या वडिलांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. पोरगा घरात नको, एवढाच त्यांचा शिबिरामागचा हेतू!

*

पहिल्याच दिवशी पटांगणात हजेरी, नाव आणि गाव पुकारून. आम्ही साठ जण रांगेत, समोर शिबिरप्रमुख सर. पांढराशुभ्र झब्बा, काळा चष्मा, आणि बोलणं असं की रेडिओवर बातम्या लागल्यात.

"संगीता, तुडील!"

मागच्या रांगेतून आवाज आला, "हाय, सर!"

सरांनी चष्मा काढला. "हाय? इंग्रजीत नमस्कार करतेस की काय मला?"

सगळे खो खो हसले. मी सगळ्यांत जोरात हसले, कारण मी शिक्षकाची मुलगी, मला विनोद आधी कळला! संगीता दोन वेण्या घातलेली, काळीसावळी, उंच पोरगी. ती गोंधळून म्हणाली, "तसा नाय सर, मी इथं हाय म्हून सांगितलं."

सरांनी तिथल्या तिथे नियम काढला. सात दिवसांत कुणाच्याही तोंडून 'हाय' आलं की बाकीच्या सगळ्यांनी एका सुरात 'आहे!' म्हणायचं. 'नाय' आलं की 'नाही!' लगेच तालीम झाली. सर म्हणाले "हाय," आम्ही ओरडलो "आहे!" समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला.

मजा अशी की माझे वडील घरी चिडले की 'हाय-नाय'च बोलायचे. ते मी कुणाला सांगितलं नाही. मीही घसा ताणून ओरडले.

*

स्वयंपाकाला गावातल्याच एक मावशी होत्या. आमटीचं भलंमोठं पातेलं, धूर, आणि मदतीला आम्ही दहा-बारा जण. मावशी बिचाऱ्या विसराळू. पळी हातात धरून स्वतःशीच म्हणाल्या, "मीठ टाकलंय का नाय गो मी?"

आम्ही एका सुरात, "नाही!"

मावशींनी मूठभर मीठ टाकलं. थोड्या वेळाने पुन्हा, "आता टाकलंय का नाय?"

"नाही!"

त्या दिवशीची आमटी तोंडात धरवत नव्हती. पंगतीत सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी शांतपणे भात कालवला, घास गिळला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "जिभेवर ताबा, हाच पहिला संस्कार."

मावशींना मात्र ओरडा बसला. त्या म्हणाल्या, "मी पोरांना इचारून टाकला हो!" पण त्यांचं ऐकतो कोण? आमच्यातल्या कुणी तोंड उघडलं नाही. ते शुद्ध असूनसुद्धा!

*

तिसऱ्या दिवशी पदभ्रमण होतं. डोंगरावर एक देवीचं ठाणं, तिथे जाऊन परत यायचं. येताना सरांना जवळची वाट दिसली. संगीता जन्माची डोंगर-नदीत वाढलेली. ती पुढे होऊन म्हणाली, "सर, तिकडं वाट नाय."

"नाही!" आम्ही सगळे ओरडलो.

सर तिच्याकडे बघत उभे राहिले. ती खाली मान घालून म्हणाली, "तिकडं वाट नाही."

"हं, आता बरोबर!" असं म्हणून सर त्याच वाटेने निघाले.

वाट नव्हती. दीड तास आम्ही करवंदीच्या जाळीत. पप्याची पँट मागून फाटली, माझी ओढणी तिथेच राहिली. शेवटी संगीतानेच ओढ्याच्या कडेकडेने सगळ्यांना खाली आणलं. संध्याकाळी फळ्यावर 'आजचा आदर्श शिबिरार्थी' म्हणून नाव लागलं ते अलिबागच्या एका मुलाचं. त्याने वाटेत समूहगीत म्हटलं होतं. खड्या आवाजात!

*

आता संगीतासाठी हे शिबिर म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. आम्ही मजेला आलो होतो. ती जागेसाठी आली होती. त्या ट्रस्टचं महाडला मुलींचं हॉस्टेल होतं आणि शिबिरातल्या एका मुलीला अकरावी-बारावीसाठी तिथे फुकट ठेवून घ्यायचे. कुणाला, ते सर ठरवणार, आणि शेवटच्या दिवशी जी मुलगी व्यासपीठावर चांगलं मनोगत सांगेल ती पुढे, असं सगळ्यांना माहीत होतं. तुडीलहून रोज एसटीने महाडला ये-जा करायला तिच्या घरचे तयार नव्हते. जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर भांडुपला भावाकडे, वहिनीचं पोर सांभाळायला. भावाने जूनचं सांगूनही ठेवलं होतं.

तिने मला गाठलं विहिरीवर. ताट घासताना म्हणाली, "तू मास्तरांची हायस ना? मला शिकव ना गो तुमच्यासारखं बोलायला."

मी शिकवलं. मोठेपणा मिळत होता, कोण सोडतो! चौथ्या दिवशी सकाळ-दुपार आमचा क्लास. 'हाय' आलं की 'आहे', 'नाय' आलं की 'नाही'. पोरगी इतकी जीव लावून शिकली की संध्याकाळी तिने मनोगताची सुरुवात म्हणून दाखवली: "मी तुडीलची. माझे शिक्षण गावाजवळच्या आहेस्कूलमध्ये झाले."

मी ताट टाकून हसले. तिला कळेना. "काय झाला?" मी म्हटलं, "अगं, हायस्कूलला हायस्कूलच म्हणायचं!" ती म्हणाली, "मग कुठला हाय पुसायचा आणि कुठला ठेवायचा, ते कसं कळनार?"

मग तीही हसली. म्हणाली, "कोनाला सांगू नको हां."

मी त्याच दिवशी जेवणाच्या पंगतीत सांगितलं. तिच्या आवाजात, तिच्या हातवाऱ्यांसकट. पंगत लोळायची बाकी राहिली होती. पप्याने त्यात भर घातली, "आमच्या दुकानात नाहीलॉनची दोरी मिळेल!" पलीकडच्या ओळीत संगीता जेवत होती. ती उठली नाही, रडली नाही. ताटातला भात संपवून तिने ताट घासलं. माझंही घासलं. का घासलं, मला माहीत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

हा किस्सा मी अजूनही सांगते. सगळ्यांत जास्त हशा यालाच मिळतो!

*

पाचव्या दिवशी श्रमदानात शाळेचा बांध रचायचा होता. सर स्वतः दगड उचलून दाखवायला गेले, आणि दगडाखाली विंचू!

"आये गो! मेलो गो! इंचू हाय रे, इंचू!"

साठ जण गप्प. तोंडं उघडली होती, आवाज एकाचाही नाही. सर मूळचे पोलादपूरच्याच बाजूच्या कुठल्या तरी वाडीतले, हे आम्हाला त्या क्षणी कळलं. रेडिओवरच्या बातम्या एकदम बंद!

आणि त्या शांततेत पप्याचा आवाज आला, "अगं आई गं! मेलो गं! विंचू आहे रे, विंचू!"

पप्याला दोन दिवस सगळ्यांची ताटं घासायला लागली. सरांचा हात संध्याकाळपर्यंत सुजून टम्म झाला होता. मावशींनी कसलासा पाला वाटून लावला आणि समजूत घातली, "काय नाय होत, सर." आम्ही तिथे होतो. आम्ही काही ओरडलो नाही. सरांनीही नुसती मान हलवली.

मी संगीताला कोपरखळी मारली, "बघितलंस? हे तुमच्यातलेच निघाले!" मला वाटलं, ती हसेल. निदान त्या पंगतीनंतर ती माझ्याशी बोलेल तरी. ती सरांच्या झब्ब्याकडे, चष्म्याकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे जमतं." एवढंच बोलली. आणि ते शुद्ध होतं.

*

जागा तिलाच मिळाली. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको. दोन वर्षं आम्ही एकाच कॉलेजात होतो, कधी कधी एकाच बाकावर. तिच्या तोंडून 'हाय' मी पुन्हा ऐकलं नाही. लोकांना वाटतं, किस्सा इथे संपला. मग मी शेवटचा दिवस सांगते.

समारोपाला मंडप घातला होता. व्यासपीठावर ट्रस्टची पाहुणे मंडळी, मध्ये सर, एका हाताला पट्टी. खाली पालक. आमच्या घरचे जीपगाड्या करून आले होते. संगीताचे वडील एकटेच, दोन एसटी बदलून आले होते. पांढरी टोपी, धुतलेला लेंगा, काखेत पिशवी. बसायला खुर्ची होती, तरी ते कडेला उभेच राहिले.

संगीताचं मनोगत झालं. चार मिनिटं, पाठ केलेलं, एक शब्द चुकला नाही. 'हायस्कूल'ची जागा आली तेव्हा मी कान टवकारले. तिने तो शब्द गाळून 'शाळा' म्हटलं होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली आली आणि आमच्या रांगेत माझ्या शेजारी उभी राहिली. सरांनी अजून काही जाहीर केलं नव्हतं.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांना वाटलं, मुलीच्या वडिलांनी दोन शब्द बोलावेत. ते नको नको म्हणत होते, पण लोकांनी हाताला धरून वर नेलं. माईक त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"मी अडाणी मानूस हाय."

"आहे!"

मंडप दणाणला. साठ मुलं, सात दिवसांची सवय. मीही ओरडले. ओरडून झाल्यावर मला कळलं, आम्ही काय म्हणालो ते.

ते दचकले. मग हसले, मान डोलावली. त्यांना वाटलं, पोरांना पटलं. "मला लिवता-वाचता येत नाय."

"नाही!"

पाहुणे हसायला लागले. पालक हसायला लागले, त्यात माझे वडीलही होते. सरांनी पट्टी बांधलेला हात वर करून आम्हाला गप्प केलं. पुढच्या वाक्याला कुणी ओरडणार नव्हतं.

"पन माजी पोरगी हुशार हाय."

"आहे."

एकच आवाज. माझ्या शेजारून. मोठा, स्वच्छ, रेडिओसारखा.

तिच्या वडिलांनी आमच्या रांगेकडे बघितलं. मग त्यांनी माईक सरांच्या हातात दिला, टोपी सारखी केली, आणि खाली उतरता उतरता स्वतःशीच म्हणून बघितलं, "आहे."