रशीदाच्या वाळूतली अंडी

रशीदाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. वीस वर्सं झाली, कृष्णाकाठी आमची वांगी-दोडक्याची रानं बांधाला बांध लागून हायती, आणि वीस वर्सं ती बया माझ्या डोळ्यांत खुपती.

आता हेच बघा. कासवीनं अंडी घातली ती नेमकी तिच्या वाळूत. कासवांचा अभ्यास करणारी उत्कर्षाताई सांगलीहून आली आणि राखण रशीदाकडंच देऊन गेली. वर टोपी, नोंदी करायला वही, गावभर कौतुक! माझा नुसता जळफळाट झाला. अवं, अंड्यातलं कळतंय कुणाला? आजवर माझ्या दारात कोंबडीची शेकड्यानं पिल्लं निघाल्यात.

तेवढ्यात रशीदाच्या लेकीचं बाळंतपण आलं. मिरजेला दवाखान्यात जाताना ती म्हणाली, "अंबूबाई, आठ दिवस तेवढी नजर ठेवा वो. पण हात लावू नका."

हात लावू नका! मला शिकवती! कोंबडी रोज अंडी उलटीपालटी करती म्हणून तर पिल्लं निघत्यात, हे हिला काय म्हाईत? मी रोज सकाळी वाळू सारली, एकेक अंडं फिरवलं, परत झाकलं. म्हटलं, पिल्लं निघू देत, मग सांगते ताईला ही करामत कुणाची ती. राखण आपल्याकडंच येणार.

दिवस भरले. वर पंधरवडा गेला, तरी काय न्हाई. ताईनं उकरून एक अंडं फोडलं. आत पिल्लू मरून पडलेलं. सगळ्यांत तेच. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही फिरवली कुणी? मी वरच्या बाजूला केलेल्या खुणा खाली गेल्यात. कासवाचं अंडं उलटं केलं की आतला जीव मरतो."

मी खाली वाळूकडं बघाय लागले. रशीदानं एकदा माझ्याकडं बघितलं. कोंबड्या पाळणारी मी, तिला वळखायला काय येळ लागतोय!

"मीच फिरवली, ताई," ती म्हणाली. "कोंबडीच्या अंड्यागत. चुकलं माझं."

ताई तिला काय बोलली न्हाई. पण पुढच्या वर्षापासनं राखण माझ्याकडं दिली. मी लगेच व्हय म्हटलं.

बांधावर भेटली की रशीदा अजून इचारती, "आली का वो कासवी?" मनात काय न ठेवता इचारती. एकदा तरी भांडली असती तर बरं झालं असतं. पाप माझं, ते अंगावर घेऊन मोठी झाली ती, आणि हे मी कुणापुढं बोलूबी शकत न्हाई.