एकतीस इंच आणि विहीणबाई

गेल्या रविवारी आमच्या आंजी गावातल्या घरात विमान मांडलं होतं... पुढच्या खोलीत, प्लास्टिकच्या चार खुर्च्यांचं. मी सांगतेय आणि माझी नात ईशा मोबाईलवर टाईप करतेय, तेव्हा चूक दिसली तर ती तिची.

माझी लेक वैशाली कॅनडात आहे आणि दिवाळीनंतर तिचं बाळंतपण आहे. तिनं मला बोलावलंय, आणि सोबत तिच्या सासूलाही, म्हणजे समुद्रपूरच्या माझ्या विहीणबाईंना. विमानात बसायची दोघींचीही पहिलीच वेळ.

रात्रभर आणि वर अर्धा दिवस एका खुर्चीत काढायचा. डॉक्टरांनी दोघींना बजावून ठेवलंय... पाणी पीत राहा, मधून मधून उठून चाला, नाहीतर पाय सुजतील. आता आम्ही लेकीचं करायला चाललोय, तिनं आमचे पाय शेकत बसावं म्हणून नाही.

म्हणून माझा मुलगा विलास आरामाची विमान कंपनी शोधायला बसला, आणि माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला. ईशा मोबाईलवरून लोकांचे अनुभव वाचून दाखवायची. एक बाई म्हणते, या कंपनीत घरच्यासारखी झोप लागली. त्याच कंपनीबद्दल दुसरा म्हणतो, माझी कंबर गेली ती गेलीच... विमान तेच, मग खरं कोण?

एका कंपनीचं जेवण चांगलं पण खुर्ची अरुंद. दुसरीची खुर्ची रुंद, पण मधेच कुठल्यातरी देशात उतरवून अर्धा दिवस बसवून ठेवते. तिसरीत सगळं चांगलं, फक्त सामान हरवतं म्हणे. मी म्हटलं, सामान आधीच हरवून जाऊ, म्हणजे घोर नाही.

मग विलास इंचावर आला. "आई, इथं एकतीस इंच जागा हाय अन् तिथं बत्तीस." मला वाटलं एकतीस इंच पायाला, म्हणजे ऐसपैस झालं. तर नाही... समोरच्या पाठीपासून आपल्या पाठीपर्यंत एकतीस, आपली खुर्ची त्यातच आणि आपण पण त्यातच. मग पायाला उरलं काय, हे त्यालाही धड सांगता येईना.

"तुले बसूनच दाखवतो," म्हणाला आणि ब्लाउजचा टेप घेऊन त्यानं खुर्च्या मांडल्या. पुढे दोन, मागे दोन. भिंत म्हणजे खिडकी आणि दुसऱ्या बाजूला चालायची वाट. विहीणबाई त्या दिवशी एसटीनं मुद्दाम याच कामासाठी आल्या होत्या. त्या पडल्या मुलाकडच्या, म्हणून मी त्यांना मानानं खिडकीची जागा दिली आणि मी वाटेच्या बाजूला बसले.

बसलो आम्ही... माझे गुडघे पुढच्या खुर्चीला जेमतेम टेकत होते, पण चालण्यासारखं होतं. ईशानं एअर होस्टेससारखं पाणी आणलं. मी प्याले. विहीणबाई म्हणाल्या, "मले नको, तहान नाई."

मला नवल वाटलं. भर उन्हात एसटीनं आलेलं माणूस, आणि तहान नाही? सरबत आणलं, तेही नको. विलास सारखं विचारतोय, "मामी, जमून राह्यलं ना?" आणि त्या म्हणताहेत, "मस्त हाय." चेहरा मात्र मस्त दिसत नव्हता.

मला वाटलं जागाच कमी पडतेय. विलासला म्हटलं, बत्तीस इंच करून बघ. केलं. तेहतीस केलं. तरी विहीणबाई तशाच, हात मांडीवर, फोटो काढायला बसल्यासारख्या...

तेवढ्यात दारात दूधवाला आला, म्हणून मी उठले. मी उठले तशा विहीणबाई वाटेनं अशा निघाल्या की थेट मागच्या दारी, न्हाणीघराकडे. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला नव्हता.

"आवं, मंग बोलल्या काऊन नाई?" मी विचारलं.

"तुमचे गुडघे दुखतात ना बाप्पा. घडीघडी तुमाले कसं उठवू?" त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "म्हटलं पाणीच नाई पेत, म्हणजे भानगड नाई."

मान म्हणून भिंतीकडे बसवलं आणि बाईला कोंडून टाकलं. आणि ही तर पुढची खोली होती... समुद्रावरून जाताना ही अशीच कोरडी बसली असती, आणि मी शेजारी झोपा काढल्या असत्या.

विलास म्हणाला, मग दोघींना वाटेच्या अलीकडे-पलीकडे बसवतो, कोणाला कोणाचं उठवणं नको. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "मंग बाजूले कोन येईन? मले भेव वाटते." तेही खरंच.

मग मीच ठरवलं. म्हटलं, विहीणबाई, खिडकी माझी. मानपान राहू द्या. तुम्हाला लाज आहे, तुम्ही वाटेला बसा. मला लाज नाही, मी आत बसते... मला उठायचं झालं की मी तुम्हाला उठवणार, झोपल्या असाल तर हलवून उठवणार. उठलातच आहात तर जरा चालून या.

"लयच खट्याळ हाय तुमी," त्या म्हणाल्या, पण हसल्या. जागा बदलून परत बसलो. मी म्हटलं, "उठा." त्या उठल्या. दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा त्यांनी मलाच विचारलं, "जाता का आता?"

विलासनं असं विमान शोधलं, ज्यात खिडकीपाशी दोनच खुर्च्या असतात, मधे तिसरं कोणी नाही. इंच एकतीसच आहेत. तिकीट निघालंय.

ईशानं कंपनीचं नाव मला पुन्हा पुन्हा सांगितलं, माझ्या काही ते लक्षात राहत नाही. कोणती घेतली, चांगली की वाईट, गोंधळ आहे तो आहेच. गावात कोणी विचारलं की कोणत्या विमानानं चाललात, तर मी सांगते... विहीणबाईंच्या शेजारच्या.