सात ओवलेल्या सुया

गल्लीत तिला सगळे घाईताई म्हणत, तेही तोंडावर. शिवणकाम करणारी बाई. हात सफाईदार, पण नाताळ जवळ आला की "जरा घाई आहे हो" याखेरीज तिच्या तोंडून दुसरं वाक्य निघत नसे. नवरा घरोघर टपाल वाटणारा, म्हणजे डिसेंबरात त्याच्याही पायाला भिंगरी. घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. ते स्वतः चाळीस वर्षं शिंपी होते आणि तिला मशीनवर बसवलं ते त्यांनीच. आता त्यांच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं होतं. ती त्यांना कामाला हात लावू देत नसे. "बाबा, तुम्ही पुष्कळ केलंत. आता बसा निवांत." फक्त दुपारच्या चहानंतर ती त्यांना पवित्र शास्त्रातला, बायबलातला एक अध्याय वाचून दाखवायची. लग्न झाल्यापासूनचा हा नेम.

यंदा डिसेंबर लागला आणि नेम मोडला. आज नको, उद्या वाचू. बाबा रोज चाचपडत पुस्तक आणून मशीनच्या कडेला ठेवत, आणि रोज त्याच्यावर कागदी साचे, टेप, बटणांचा डबा असा ढीग चढे. परवा त्यांनी लेकीला फोन केला. "मला न्यायला ये. पोरीला श्वास घ्यायला उसंत नाही, त्यात माझं ओझं कशाला?"

नणंद उद्या सकाळी येणार होती. बाबांची पिशवी भरून दाराशी तयार होती.

ती पिशवी घाईताईला सकाळपासून सलत होती. जवळ बसून 'जाऊ नका' म्हणावं, एवढंच करायचं होतं. पण चार वाजता संडे स्कूलच्या बाई नाताळच्या नाटकातल्या देवदूतांचे अकरा झगे न्यायला येणार, आणि चार झग्यांच्या खालच्या पट्ट्या अजून दुमडायच्या राहिलेल्या. पाय मशीनवर आणि डोळे पिशवीवर, अशी तिनं एक पट्टी संपवली आणि पुढचा झगा घ्यायला उठली. तर हातातला झगाही तिच्याबरोबर उठला. मांडीवरचा तिच्या गाऊनचा घेर सुईखाली सरकला होता आणि देवदूताच्या पट्टीत चांगला वीतभर शिवला गेला होता.

"देवा," ती पुटपुटली आणि कात्री उचलली.

कात्रीचा आवाज बाबांना पलीकडच्या खोलीत बरोबर कळला. "काय झालं गं?"

"काही नाही. मीच मला शिवून घेतलंय."

ते भिंतीला हात लावत आले आणि तिच्या पायाशी स्टुलावर बसले. शिवण बोटांनी चाचपून पाहताना त्यांचे खांदे हलायला लागले. "चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक मापाला आलं नव्हतं. कात्री ठेव. साटीन आहे, ओढलंस की भोक पडेल. मला उसवायचा हूक दे."

"पण बाबा, तुम्हाला दिसत..."

"टाके बघायला डोळे कशाला लागतात? तू फक्त हलू नकोस."

मग ती बसली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिच्या हातांना काही काम नव्हतं. ते मांडीवर नुसते पडून राहिले.

बाबांनी एक टाका उचलला, दुसरा उचलला. "हात रिकामे आहेत ना? मग वाच."

ढिगाखालून तिनं पुस्तक ओढलं. खुणेची फीत डिसेंबरच्या आधी वाचलेल्या पानावरच होती. तिनं येशूच्या जन्माची बातमी मिळालेल्या मेंढपाळांचा अध्याय काढला आणि सवयीप्रमाणे भरभर सुरुवात केली.

"गाडी सुटतेय का कुठं?" बाबा म्हणाले.

ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. एकेक टाका सुटत होता, तसतसा तिचा आवाज संथ होत गेला. रानातली ती थकलेली माणसं, आणि त्यांना कोणी काही आणायला सांगितलं नव्हतं, नुसतं या म्हटलं होतं. हे तिनं वर्षानुवर्षं वाचलं होतं. आज ते तिच्या कानांवर पडलं.

अध्याय संपला तेव्हा तिचा गाऊन मोकळा झाला होता. ती मात्र उठली नाही.

"बाबा, मी वाचत नाही म्हणून चाललात ना?"

बाबांनी हूक खाली ठेवला. "वाचणं राहू दे गं. घरात कापड असताना शिंप्याला नुसतं बसवून ठेवतात का?"

तिनं शेजारचा झगा ओढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "तीन झगे राहिलेत, आणि हा वीतभर उसवलेला."

"मग हातशिलाईला सात सुया ओवून ठेव, म्हणजे दर दोऱ्याला तुला हाक मारायला नको. ओवणं तेवढं मला जमत नाही."

तिनं सात सुया ओवल्या आणि टाचण्यांच्या छोट्या उशीला एका ओळीत टोचून त्यांच्या हाताशी दिल्या. जरा टेकते म्हणून ती खुर्चीत मागं रेलली.

जाग आली ती बोलण्यानं. डोळे उघडायचा तिला कंटाळा आला.

"घाईताई झोपलीय?" संडे स्कूलच्या बाई दारातून कुजबुजत होत्या. "घड्याळच बंद पडलं म्हणायचं."

"पडू द्या बंद. नऊ झगे तयार आहेत, न्या. दोन उद्या देतो."

"उद्या तर तुम्ही लेकीकडे चाललात ना?"

कुठंतरी दाताखाली दोरा तुटल्याचा आवाज झाला. "लेकीला सांगतो, नाताळ झाल्यावर ये म्हणून. आणि बाई, जाता जाता ती पिशवी दारातून जरा आत सरकवा. कुणाच्या तरी पायात यायची."