देवगावच्या शाळेतला मंत्री

मंत्री हिवरेकरांच्या जयंतीच्या बॅनरवर बुद्धभूषणनं हिवरेकरांचा वैरी छापला. फेटा, मिशा, रुबाब, सगळं झकास. माणूस तेवढा चुकला.

चूक तशी भोळी होती. हिवरेकर देवगाव रंगारीचे. तिथल्या शाळेत दरवर्षी ज्या तसबिरीला हार पडतो, तिचाच फोटो त्यानं मोबाइलवर काढून आणला. पण निजामाच्या मंत्रिमंडळातून हिवरेकरांना ज्यानं घालवलं, त्यानंच वर हिवरेकरांच्या गावच्या शाळेत आपली तसबीर टांगून ठेवली होती. गाव बिचारं अजून हार घालतंय.

शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष ऋतुराज हिवरेकर, म्हणजे मंत्र्यांचे पणतू, बॅनरखाली थबकले. "सर, हे आमचे पणजोबा नव्हेत. ह्यानंच त्यांची खुर्ची ओढली."

करमाडहून रोज एसटीनं येऊन, संस्थेच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवता शिकवता बुद्धभूषणचे कानशिलावरचे केस पिकले होते. आता कुठं एक कायम जागा निघालेली. आजचं व्याख्यान हीच तिची खरी मुलाखत, हे शिपायालाही ठाऊक होतं.

"चुकलं, सर."

"असू द्या. बोला मात्र झोकात. आणि ते वसतिगृह... उघडलं, एवढंच सांगा."

हिवरेकरांनी अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं, हे खरं. पुढं खुर्ची डुगडुगायला लागली तशी वरच्यांची मर्जी राखायला त्यांनीच त्याला कुलूप घातलं. खुर्ची गेली ती गेलीच. पोरं मात्र ऐन परीक्षेत रस्त्यावर आली. त्यातलाच एक बुद्धभूषणच्या आईचा, केसरबाईचा, आजा.

बुद्धभूषण झोकात बोलला. पटवाऱ्याचं पोर, उर्दूतली वकिली, हैदराबाद, मंत्रिपद. वसतिगृह उघडलं आणि टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि त्याबरोबर कुलूपही गिळलं.

जागा अध्यक्षांच्या मेहुणीला मिळाली. त्या कधी देवगावला गेल्याच नव्हत्या, त्यामुळं चुकीची तसबीर आणण्याचा धोकाच नव्हता.

"जागा गेली तं जाऊ दे," भाकरी थापता थापता केसरबाई म्हणाली. "माझ्या आज्याचं नाव घेतलं का नाय? घेतो म्हन्ला व्हतास."

"वेळ कमी पडला, माय."

"लई लांब नव्हतं रं नाव. कडुबा."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "पुढच्या जयंतीला घेतो."

"व्हय, घे," ती म्हणाली. पुढच्या जयंतीला त्याच्या हातात माइक कोण देणार, हे मात्र दोघांनीही विचारलं नाही.