आमची नदी हिरवी कोणी केली

समस्त गावकऱ्यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या नदीला हिरवा रंग देण्याचं श्रेय संपूर्णपणे माझ्या काकांचं आहे. दुसऱ्या कोणी त्यावर हक्क सांगू नये.

स्वातंत्र्य आलं तेव्हा मी लहान होतो. डोहात कंबरभर पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसायची. शेतात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा नि शेण जमिनीवर जाळायचं आणि त्या राखेत भाताची रोपं करायची. खत म्हणून एवढंच. पुढे अलिबागेहून पांढऱ्या खताच्या गोणी येऊ लागल्या आणि काका नव्या युगात शिरले. जुन्या युगातली एकच रीत त्यांनी सोबत नेली. बांधाची तोंडं उघडी ठेवायची आणि पाणी खाचरातून खाचरात वाहू द्यायचं. सकाळी खत पडायचं, दुपारी पाऊस, आणि संध्याकाळी दोघं हातात हात घालून नदीला. भाताला म्हणावा तसा रंग चढेना, म्हणून काका पुढल्या वर्षी आणखी टाकायचे. त्यांचं बघून गावानेही टाकलं. नदी मात्र अगदी मनापासून हिरवी होत गेली. आधी दगड बुळबुळीत झाले, मग डोहावर शेवाळाची साय धरली, मग मासे पोट वर करून तरंगू लागले. काका म्हणाले, हवा बदलली.

अशात त्यांच्या मुलीला, आमच्या ताईला, स्थळ आलं. आधीची स्थळं फिसकटलेली. हे तरी जुळावं म्हणून काकूंनी उपास धरले होते. मंडळी याच नदीकाठची, पण आमच्या खालच्या अंगाची. पोहे खाता खाता मुलाचे वडील गाऱ्हाणं सांगू लागले. पाण्याला वास मारतो, म्हशी तोंड लावत नाहीत, धुतलेली धोतरं हिरवट निघतात, वरती कोणीतरी काहीतरी करतंय. काकूंनी काकांकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर जन्माचा मुका झाला असता. काकांनी छाती पुढे काढून सांगितलं की, या भागात पांढरं खत पहिल्यांदा आपणच आणलं आणि आपल्याइतकं अजून कोणी टाकत नाही.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली, टोपी चढवली आणि ते ओटीवर चपला शोधू लागले. काकू दारातच मटकन बसल्या. तेवढ्यात, आल्यापासून तोंडातून शब्द न काढलेला नवरा मुलगा उठून उभा राहिला नि बोलून गेला,

"बाबा, पाण्याचं काय, आपण विहीर खणू. मुलगी मला पसंत आहे."